अंधारात वाचता येणारे घड्याळ

बाहेरून उजेड न पाडता रात्री ज्याच्या डायलवरील खुणा आणि काटे दिसतात, ते अंधारात वाचता येणारे घड्याळ. ही चमक दोन मार्गांनी मिळते. एक, उजेड साठवून तो हळूहळू सोडणारी भुकटी. दोन, किरणोत्सर्गी द्रव्यामुळे सतत उजळणारा लेप किंवा नळी. चमकणारा पदार्थ काट्यांवर बसतो आणि काटे मशीनला, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्राला, फिरवावे लागतात. म्हणून त्याचे वजन, जाडी आणि चिकटून राहण्याची ताकद यांचा विचार मशीन निवडतानाच करावा लागतो. चालत्या घड्याळाला मागाहून लावलेली चमक बहुधा त्याची वेळ बिघडवते.

विदर्भातील उपयोग

कृषिपंपांची थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, त्यांतील काही पाळ्या रात्रीच्या असतात. हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी वावरात गेलेल्याला लाइन किती वाजता जाणार याचा हिशेब ठेवावा लागतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात शिरू नयेत म्हणून जागल करणाऱ्यांचीही तीच गरज. मोबाइल सगळ्यांकडे असतो, पण त्याचा पडदा पेटला की डोळे दिपतात आणि अंधाराला पुन्हा सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात; तेवढ्यात धुऱ्याकडची (बांधाकडची) हालचाल दिसत नाही. बुद्धपौर्णिमेला मेळघाट किंवा ताडोबात मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद घेणाऱ्यांना तर उजेड करताच येत नाही.

प्रकाश देणारे पदार्थ

पहिल्या पिढीतले द्रव्य रेडियम. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड उजळत असे. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे १९१७ पासून डायल रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करत. रेडियम हाडांत साठून त्यांतल्या अनेकींचा जीव गेला. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांतच निकामी होते. त्यामुळे तपकिरी पडलेला, अंधारात अजिबात न दिसणारा जुना डायलही किरणोत्सर्गी असतोच. जुन्या बाजारात असे विलायती घड्याळ हाती लागले तर ते उघडू नये आणि डायल खरवडून नवी भुकटी तर मुळीच भरू नये. खरवडलेली धूळ नाकातोंडात जाणे हाच यातला खरा धोका आहे.

रेडियमनंतर ट्रिटियम आले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. आज ते काचेच्या बारीक बंद नळ्यांत वायुरूपात भरतात. या नळ्यांना उजेड दाखवावा लागत नाही. पहाटे चारलाही संध्याकाळइतक्याच दिसतात, पण बारा वर्षांत त्यांची चमक निम्मी होते आणि त्या बदलून मिळणे तालुक्याच्या ठिकाणी जवळजवळ अशक्य.

सध्या बहुतेक घड्याळांत युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असते. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये ते ल्युमिनोव्हा नावाने आणले. ते किरणोत्सर्गी नाही. ते निळ्या आणि अतिनील प्रकाशाने भरते. उन्हात काही मिनिटे पुरतात, एलईडी टॉर्च जवळून अर्धा मिनिट धरला तरी काम भागते. पिवळ्या बल्बखाली मात्र फारसे भरत नाही. एकदा पूर्ण भरल्यावर आणखी वेळ उन्हात ठेवून काही वाढत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चमक झपाट्याने उतरते, मग फार सावकाश. सरावलेल्या डोळ्यांना चांगला लेप पहाटेपर्यंत वाचता येतो. गरम हवेत तो अधिक तेजाने उजळतो आणि लवकर रिता होतो, थंडीत उलट. हिवाळ्यात तक्रार येते ती वेगळ्याच कारणाने: दिवसभर स्वेटरच्या बाहीखाली राहिलेल्या घड्याळात उजेड भरलेलाच नसतो.

नंबरप्लेटच्या दुकानात मिळणारी ‘रेडियम’ पट्टी या कामाची नाही. ती अंगावर पडलेला उजेड फक्त परत फेकते.

डायलची रचना

अंधारात मनगट कसे वळले आहे याचा अंदाज नसतो, म्हणून १२ ची खूण बाकी अकरांपेक्षा वेगळी हवी. त्रिकोण किंवा जोडपट्टी चालते. तास आणि मिनिट काट्यांत केवळ लांबीचा फरक पुरत नाही, आकारही वेगळा ठेवावा. नाहीतर दहा वाजून दहा आणि एक बावन्न यांत घोटाळा होतो. देवनागरी आकड्यांचे डायल एचएमटीने काढले होते आणि दिवसा ते देखणे दिसतात. पण जाड लेपात ४ आणि ९ यांची गोलाई भरून जाते. रात्रीच्या डायलवर साध्या पट्ट्या आणि ठिपके बरे.

भुकटी लावण्यापूर्वी खाली पांढरा थर द्यावा. लेप अर्धपारदर्शक असतो, काळ्या पृष्ठभागावर त्याचा बराच प्रकाश मागे शोषला जातो. दिवसा किंचित पिवळट-हिरवी दिसणारी भुकटी सर्वांत तेजस्वी. शुभ्र दिसणारी निवडली तर तेज कमी मिळते. भुकटीचे कण मोठे असतील तितकी चमक अधिक, म्हणून ती खलू नये. ढवळायला काचेची किंवा प्लॅस्टिकची काडी घ्यावी: हे कण इतके कठीण असतात की लोखंडी काडी झिजून मिश्रण करडे पडते. माध्यम पाण्याचे नको, कारण उघड्या स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचे पाण्याने विघटन होते. अॅक्रिलिक लॅकरमध्ये पातळ मधाइतके दाट मिश्रण करून दोन-तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर झाकणाखाली वाळू द्यावा. पोकळ काट्यात ते मागच्या बाजूने भरतात. काटा पालथा ठेवून सुईच्या टोकावरचा थेंब पोकळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढला की तो स्वतःच ताणून बसतो.

आठवडी बाजारात कधीकधी चमकती भुकटी नखांच्या रंगात कालवून लावतात. तो रंग वाळताना आकसतो, वर्ष-दीड वर्षात तडकतो आणि त्याचा कण मशीनमध्ये पडून चाक अडते. शिवाय त्यातला द्रावक डायलची छपाई पुसून टाकतो.

काट्यांचे वजन आणि मशीन

सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ मशीनची स्टेप मोटर, म्हणजे काटे एकेक पाऊल पुढे ढकलणारी मोटर, फार दुबळी असते. प्रत्येक मशीनच्या माहितीपत्रकात कोणता काटा किती असंतुलित चालेल याची मर्यादा दिलेली असते. लेप भरल्यानंतरचा काटा त्या मर्यादेत बसला पाहिजे. सर्वांत नाजूक सेकंद काटा. घड्याळ उभे असताना त्याला ६ पासून ९ वरून १२ कडे चढावे लागते आणि टोकाशी जाड ठिपका असेल तर सेल उतरू लागताच तो आठ-नऊच्या आसपास जागीच थरथरतो. म्हणून ठिपका केंद्राजवळ घ्यावा किंवा मागच्या शेपटीवर, म्हणजे तोच तोलाचे काम करतो. बऱ्याच मशीन पाऊल चुकल्याचे ओळखून दुसरा, जोरकस ठोका देतात. जड काट्याला असा ठोका वारंवार लागतो. वेळ बरोबर राहते, पण सेल निम्म्या काळात संपतो आणि ग्राहक सेलला दोष देतो.

सेल सिल्व्हर ऑक्साइडचाच घालावा, जसे एसआर६२६एसडब्ल्यू. त्याचा दाब शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल स्वस्त असतो, पण त्याचा दाब हळूहळू घसरतो आणि जड काटे आधी तेथेच अडकतात.

चाबीच्या घड्याळात काट्यांचा भार बॅलन्सपर्यंत, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ धरणाऱ्या चाकापर्यंत, फारसा पोहोचत नाही. एचएमटी जनता किंवा काळ्या डायलचे पायलट यांच्या १७ ज्वेलच्या (माणकाच्या बेअरिंगच्या) मशीन तासाला १८,००० ठोके देतात आणि लेपाचे काटे आरामात ओढतात. येथे दोष कॅनन पिनियनवर येतो. मिनिट काटा या नळीवर बसतो आणि नळी केवळ घर्षणाने धरलेली असते. ती सैल असेल तर ट्रॅक्टरवर बसलेल्या हाताच्या हादऱ्यांनी जड काटा सरकतो. मशीन नेमकी चालत असूनही वेळ चुकते. उपाय म्हणजे नळीची पकड किंचित आवळणे. बॅलन्सचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी हलवून ही चूक निघत नाही, तरी बहुतेकदा तीच हलवली जाते.

तास काट्याचा लेप वर फुगला की मिनिट काटा त्याला घासतो. दोन्ही काटे सुमारे ६५ मिनिटांनी एकमेकांवरून जातात, त्यामुळे घड्याळ प्रत्येक वेळी काटे जुळतानाच थांबत असेल तर कारण हेच. बसवताना काटे, डायलवरचे ठिपके आणि काच यांच्यातली फट आडव्या नजरेने, भिंगातून पाहावी.

उष्णता

क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका उरतो. हा वेग २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वाधिक असतो. त्यापासून तापमान दूर गेले की, वर वा खाली, घड्याळ मागेच पडते. अंशांतल्या फरकाचा वर्ग करून ०.०३४ ने गुणले की दशलक्षात किती भाग मागे ते कळते. ४५ अंशांना उत्तर १३.६, म्हणजे दिवसाला सुमारे १.२ सेकंद. १० अंशांना दिवसाला सुमारे ०.७ सेकंद.

अकोला, नागपूर, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून अधिक. तेथे खिळ्याला टांगलेले घड्याळ उन्हाळ्यात मागे पडणे साहजिक आहे. मनगटावर तेच घड्याळ ३२ अंशांच्या आसपास राहते आणि उष्णतेने महिन्याला फार तर चार-पाच सेकंद गमावते. या भागासाठी घड्याळ जुळवताना २५ अंशांना ते दिवसाला पाव सेकंद पुढे ठेवलेले बरे. जुन्या मशीनमध्ये यासाठी ट्रिमरचा, म्हणजे वेग जुळवण्याचा, छोटा स्क्रू असे. नव्या मशीनमध्ये हा आकडा चिपमध्ये कारखान्यातच भरतात, बाजारात तो बदलता येत नाही.

चाबीच्या घड्याळात उष्णतेने तेल पातळ होऊन जागेवरून पसरते. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांतली बारीक तंतूंची धूळ मिसळली की ते घट्ट होते.

पाणी आणि चुंबक

डायलवरचा लेप पांढरा, मेल्यासारखा दिसू लागला तर केसमध्ये ओल शिरली आहे. घामाचे मीठ आणि फवारणीच्या औषधातले द्रावक रबरी रिंग कडक करतात. सेल बदलताना रिंग पाहावी, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा, भेगाळली असल्यास नवीन घालावी. ३ एटीएमचे (एटीएम हे पाण्याचा दाब सोसण्याचे माप) घड्याळ पावसाच्या शिंतोड्यांपुरते आहे. विहिरीत उडी मारणाऱ्याने १० एटीएमचे घ्यावे.

रात्री घड्याळ रेडिओवर किंवा स्पीकरच्या डब्यावर ठेवण्याची सवय वाईट. चुंबक जवळ असेपर्यंत क्वार्ट्झची मोटर अडते आणि दूर नेल्यावर पुन्हा चालते, फक्त तेवढा वेळ मागे पडलेली असते. चाबीच्या घड्याळात हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी चिकटतात आणि ते दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळते. चुंबकत्व काढणाऱ्या डिमॅग्नेटायझरने हे काही सेकंदांत दुरुस्त होते.

अचूकता तपासणे

मोबाइलची वेळ नेटवर्कवर ठेवून घड्याळ सेकंदाला जुळवावे. त्यासाठी चाबी ओढल्यावर सेकंद काटा थांबणारी मशीन सोयीची. क्वार्ट्झसाठी महिन्याने फरक पाहून दिवसांनी भागावा, कारण आठवड्याचा फरक डोळ्याने नीट मोजता येत नाही. महिन्याला १५ ते २० सेकंद हा साध्या क्वार्ट्झचा नेहमीचा पल्ला. चाबीचे घड्याळ रोज एकाच वेळी चाबी देऊन आठवडाभर पाहावे. प्रमाणित क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकतेची चाचणी उत्तीर्ण झालेल्या चाबीच्या घड्याळाला, दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते. गावातले जुने घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटात राहिले तर ते चांगले म्हणावे. सूर्य डोक्यावर आला की बारा, असे मानून घड्याळ लावू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नागपूर ७९.१ अंशांवर, तेथे खरे मध्यान्ह फेब्रुवारीत सुमारे १२ वाजून २८ मिनिटांनी, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ५७ मिनिटांनी होते.