रुग्णवाहिकेतलं कपाट

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणाऱ्या मुलामुलींना एक विषय आग्रहाने सुचवतो: रुग्णवाहिकेतलं कपाट. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. अशा गाडीच्या मागच्या भागात ऑक्सिजन सिलिंडर, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन, हाताने दाबून श्वास देणारी ॲम्बू बॅग, सलाईन, इंजेक्शनं असं कितीतरी सामान असतं. ते नुसतं मावलं म्हणजे काम झालं, असं नाही. कपाट हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याची रचना त्याच काळजीने व्हायला हवी.

सुरुवात अपघातापासून करू. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तिचा वेग गुरुत्वीय त्वरणाच्या साधारण १४ पट दराने घटतो. रुग्णवाहिकांसाठीचं युरोपीय मानक ईएन १७८९ सांगतं, की आतली प्रत्येक वस्तू पुढे, मागे, आडव्या आणि उभ्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या १० पट झटका सोसून जागेवर राहिली पाहिजे. म्हणजे आठ किलोचा मॉनिटर त्या क्षणी आपल्या पकडीवर ८० किलो वजनाइतका जोर लावतो. सिलिंडर फक्त तळाशी आवळलेला असेल तर तो उलटू पाहतो आणि सगळा ताण खालच्या बोल्टवर येतो. म्हणून गुरुत्वमध्याच्या वर एक आणि खाली एक, असे दोन पट्टे लागतात.

दारांची गोष्ट आणखी मजेची आहे. बाजूच्या भिंतीवरच्या कपाटाला सरकती पारदर्शक दारं सोयीची: आतलं दिसतं आणि दार अंगावर उघडत नाही. पण ती गाडीच्या लांबीच्या दिशेनेच सरकतात. समोरून धडक बसली की जडत्वामुळे दार पुढे धावतं. पुढे सरकवून उघडणारं दार असेल तर ते आपोआप उघडणार! दिशा उलटी केली, तर मागून बसलेल्या धडकेत तेच होईल. म्हणजे खटका हवाच. तो खड्ड्यांच्या थरथरीने सुटता कामा नये आणि हातमोजा घातलेल्या एका हाताने झटकन उघडलाही पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. खरं डिझाइन इथे सुरू होतं, आणि मला हा भाग सर्वांत आवडतो.

मग हाताच्या पोचेचा प्रश्न. मागे बसलेल्या डॉक्टरला किंवा मदतनिसाला वस्तू घेण्यासाठी पट्टा सोडून उठावं लागत असेल, तर धडकेत त्याचाच जीव धोक्यात येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने (एनआयडी) १९९७ मध्ये भारतीयांच्या शरीरमापांची माहिती प्रसिद्ध केली. ती कॉलेजच्या ग्रंथालयात जरूर शोधा. कमी उंचीच्या बाईचा हात बसल्या जागेवरून कुठवर पोचतो, ते पाहून ॲम्बू बॅग आणि सक्शनची जागा ठरवा. सलाईनचा जादा साठा लांब गेला तरी चालेल. जड सामान मात्र खालीच, नाहीतर वळणावर गाडी जास्त कलते.

तपासायला महागडी प्रयोगशाळा नसली तरी सुरुवात अडत नाही. पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं कपाट उभं करा, १०८ वर काम करणाऱ्यांना पट्टा आणि हातमोजे घालून बसवा आणि स्टॉपवॉच लावा. ते कुठे अडखळतात, हे सांगण्याआधीच दिसेल. पकडीची ताकद वर्कशॉपमधल्या चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) ओढून आणि जोर मोजणारा लोड सेल लावून पाहता येते. ही ओढ संथ असते, धडकेचा झटका वेगळा. तरी कच्ची रचना इथेच उघडी पडते.

उन्हाळ्याचाही विचार हवा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी आतून भयंकर तापते. छताजवळच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यात तापमान नोंदवणारे लॉगर आठवडाभर ठेवले, तर औषधांचा थंड डबा कुठे बसवायचा आणि त्याला किती जाड आवरण द्यायचं, हे अंदाजाऐवजी आकड्यांवरून ठरवता येईल.