व्हॅक्सीन (शब्दव्युत्पत्ती)

आज नाम म्हणून रूढ असलेला हा इंग्रजी शब्द वैद्यकात आला तो विशेषण म्हणून. अर्थ ‘गाईचा, गाईसंबंधीचा’. लॅटिन ‘व्हॅक्का’ (गाय) या नामाला संबंधवाचक ‘-इनुस’ प्रत्यय लागून ‘व्हॅक्किनुस’ होते. ‘एक्विनुस’ (घोड्याचा) व ‘कॅनिनुस’ (कुत्र्याचा) ही रूपे त्याच घडणीची. रोमन लेखक प्लिनीच्या (इ. स. पहिले शतक) लेखनात हे विशेषण आढळते.

खुद्द ‘व्हॅक्का’च्या उगमाविषयी मतभेद आहेत. संस्कृत ‘वशा’ (गाय, विशेषतः वांझ गाय) या शब्दाशी त्याची तुलना करण्यात येते. अथर्ववेदात वशेवर स्वतंत्र सूक्ते आहेत (१०.१०, १२.४). संस्कृत ‘श’च्या जागी लॅटिनमध्ये ‘क’ येणे नियमाला धरूनच आहे : शतम्–केन्टुम, दश–देकेम. अडचण आहे ती ‘क्क’ या द्वित्ताची. बोलीतल्या, गोठ्यातल्या शब्दांत असे द्वित्त होते, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण; ते पुरेसे समाधानकारक नसले, तरी तुलना टाकून द्यावी असे नाही. दोन्ही शब्द ‘वाश्’ (हंबरणे) या धातूपर्यंत नेणे मात्र धाडसाचे वाटते. ‘व्हॅक्सिनियम’ या वनस्पतिप्रजातीच्या नावातही गाय शोधली जाते. तिथे आधार बहुधा उच्चारसाम्याचाच.

देवीच्या रोगापासून (स्मॉलपॉक्स) संरक्षण मिळावे म्हणून १४ मे १७९६ रोजी इंग्रज वैद्य एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. फोड आला होता ‘ब्लॉसम’ नावाच्या गाईपासून लागलेल्या, देवीसारख्याच पण सौम्य रोगाने (काउपॉक्स). १७९८ च्या ग्रंथात जेन्नर यांनी या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सीनी’ (गाईच्या देवी) म्हटले. (रोग मुळात घोड्याकडून गाईला येतो, असे त्यांचे मत होते. ते ग्राह्य धरल्यास नावात गाय आली ती मध्यस्थ म्हणून.) पुढे ‘व्हॅक्सीन द्रव्य’ यासारख्या शब्दप्रयोगांतले विशेष्य गळून विशेषणच नाम झाले. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या गौरवार्थ हा शब्द इतर रोगांवरील प्रतिबंधक टोचणीलाही लावावा, असे सुचवले. त्यानंतर गाईचा अर्थ मागे पडला.

मुंबईत ही टोचणी जून १८०२ मध्ये, बगदाद–बसरा मार्गाने आलेल्या द्रव्यातून सुरू झाली. मराठीने मात्र ‘गाय’ घेतली नाही. ‘लस’ म्हणजे फोडातून वा जखमेतून पाझरणारा चिकट द्रव. टोचणीला लोक ‘देवी काढणे’ म्हणत.