जंतुनाशक साबणाला वीस सेकंद पुरत नाहीत

सप्टेंबर २०१६मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हात-अंग धुण्याच्या घरगुती साबणांत १९ जंतुनाशक रसायने वापरण्यावर बंदी घातली. त्यांतली दोन सर्वाधिक वापरातली: हँडवॉशमधला ट्रायक्लोसॅन आणि साबणाच्या वडीतला ट्रायक्लोकार्बन. ती विषारी ठरली, असे तेव्हा पुष्कळांनी ऐकवले. खरे कारण वेगळे होते. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत आणि वर्षानुवर्षे रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही.

साधा साबण त्वचेवरचा तेलकट थर सोडवतो आणि त्यात अडकलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. ते मेलेच पाहिजेत असे नाही. ट्रायक्लोसॅनला जंतू मारायचे असतात, आणि त्याला वेळ लागतो. कोरियातल्या संशोधकांनी २०१५मध्ये ०.३ टक्के ट्रायक्लोसॅनचा साबण २० प्रकारच्या जीवाणूंवर तपासला. वीस सेकंदांत साध्या साबणाहून काही फरक दिसला नाही. फरक दिसला तो नऊ तासांनी. इतका वेळ हाताला फेस लावून कोण बसणार?

हे रसायन त्वचेतून थोडे आत शिरते. अमेरिकेत २००३-०४च्या पाहणीत सुमारे ७५ टक्के लोकांच्या लघवीत ते सापडले. प्रयोगातल्या उंदरांत त्यामुळे थायरॉइडचे संप्रेरक घटले. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे साबणाने थायरॉइड बिघडतो असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जास्त काळजी प्रतिरोधाची, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देण्याची. ट्रायक्लोसॅन अल्प प्रमाणात असला की जीवाणूंच्या मेदाम्ले (फॅटी ॲसिड) बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतो. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिड या औषधाचे लक्ष्यही त्याच जातीचे विकर आहे. क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदात ट्रायक्लोसॅनला दाद न देणारे बदल घडले, तेव्हा त्यांपैकी काहींनी आयसोनियाझिडलाही जुमानले नाही. हे प्रयोगशाळेतले, घरच्या साबणामुळे रुग्णाचे औषध निकामी झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण फायदा शून्य असेल, तर एवढी जोखीम तरी कशाला?

टूथपेस्टचा हिशेब निराळा. तिथे ट्रायक्लोसॅनमुळे हिरड्यांची सूज कमी होते हे दाखवता आले होते, म्हणून ही बंदी तिला लागू झाली नाही.

वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. ट्रायक्लोकार्बन कधी ‘टीसीसी’ म्हणून येतो. ‘ट्रायक्लोसॅन नाही’ असे मिरवणाऱ्या बाटलीत बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. या रसायनाचा निर्णय २०१६मध्ये लांबणीवर टाकला गेला. त्याने काहींच्या त्वचेची आग होते किंवा पुरळ उठते. अँटिसेप्टिक द्रव अंघोळीच्या पाण्यात अंदाजाने ओतण्याची सवयही सोडावी. जास्त तीव्र द्रवाने कातडी भाजते.

हात ओले करून साबण लावा आणि वीस सेकंद चोळा. बोटांची टोके, नखांखालची जागा आणि अंगठ्याचे बूड हमखास राहून जाते. मग वाहत्या पाण्यात धुऊन कोरडे करा, कारण ओल्या हातांना जंतू लवकर चिकटतात. पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर चालतो, पण हात मळलेले वा तेलकट असतील तर त्याचा फारसा उपयोग नाही. शस्त्रक्रियेआधी किंवा जखमेसाठी डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन सांगितले असेल, तर ते सांगितले तसेच वापरावे. ही बंदी त्यासाठी नव्हती.