उजवा पाय हलेना, डाव्याला चटका कळेना

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात एक बातमी हमखास असते: ‘थरावरून कोसळलेल्या गोविंदाच्या मणक्याला गंभीर दुखापत’. यावरून खरं तर काहीच कळत नाही. मणका म्हणजे हाड. ते मोडूनही माणूस काही महिन्यांत हिंडूफिरू लागू शकतो. उलट हाड शाबूत असूनही आतला मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून पाठीत उतरणारा नसांचा दोर, चेंगरला, तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून विचारायचं ते हे: मार मज्जारज्जूला बसलाय का, किती उंचीवर आणि नेमका कुठल्या बाजूला?

हा मज्जारज्जू जेमतेम 45 सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच तो संपतो, पुढे नुसता मज्जातंतूंचा जुडगा उरतो. सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन देतात ते त्याहून खाली. त्यामुळे ‘सुई मज्जारज्जूत घुसून पाय गेले तर’ ही घरोघरची भीती अनाठायी आहे.

उंचीचा हिशेब सोपा. मार जितका वर, तितकं जास्त शरीर जातं. छातीच्या पातळीवर पूर्ण इजा झाली तर हात वाचतात. पाय जातात आणि लघवी-संडासवरचा ताबाही जातो. मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या नसांवर श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू, चालतं. त्याच्याही वर मार बसला तर श्वास यंत्रावर. हॉलिवूडचा नट ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरून पडला, तेव्हा त्याचे मानेतले अगदी वरचे दोन मणके मोडले होते.

खरी गंमत पुढे आहे. समजा, पाठीत सुरा घुसला आणि मज्जारज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेला. मग उजवा पाय लुळा पडतो. डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी त्या पायाचा अंगठा वर केला की खाली, हे रुग्णाला सांगता येत नाही. ट्यूनिंग फोर्क (आपटला की थरथरणारा धातूचा चिमटा) घोट्यावर टेकवला तर त्याची थरथर कळत नाही. डावा पाय मात्र व्यवस्थित हलतो, अंगठा कुठे वळवला तेही कळतं. पण टाचणी टोचली तर दुखत नाही आणि कढत पाणी ओतलं तरी चटका कळत नाही! जखम एकच, पण नुकसान दोन्ही पायांत वाटलं गेलं.

मेंदूची डावी बाजू उजवं शरीर चालवते, हे शाळेत शिकलेलं असतं. बाजू कुठे बदलते, ते कुणी सांगत नाही. स्नायूंना हुकूम नेणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छातच (मेंदूचा अगदी खालचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग) बाजू बदलतात आणि मग सरळ खाली येतात. अवयवांची स्थिती आणि कंपनं कळवणारे तंतू ज्या बाजूने आत शिरले त्याच बाजूने वर चढतात. तेही मस्तिष्कपुच्छात पोहोचल्यावर ओलांडतात. वेदना आणि तापमानाच्या तंतूंना इतका दम नसतो. आत शिरल्यावर ते मज्जारज्जूच्याच आतल्या करड्या भागातल्या पुढच्या पेशीला निरोप देतात आणि त्या पेशीचा तंतू एक-दोन पातळ्यांतच मज्जारज्जूच्या मध्यातून पलीकडे जातो. म्हणजे उजव्या अर्ध्यात उजव्या पायाचे हुकूम असतात, उजव्या पायाची स्थिती असते, पण वेदना डाव्या पायाची!

हे कोडं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उलगडलं ते मॉरिशसमध्ये जन्मलेल्या डॉक्टर ब्राऊन-सेकार यांनी. याच गृहस्थांनी 1889 मध्ये, वयाच्या बहात्तरीत, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. तो दावा टिकला नाही. आज तोच बाजार ‘स्टेम सेल’च्या, म्हणजे मूळ पेशींच्या, नावाने भरतो. मज्जारज्जूच्या इजेवर भारतात ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती नाही. ती फक्त अधिकृत चाचणीत देता येते आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. लाखांचं पॅकेज सांगणाऱ्याला एवढं ऐकवून बघा.

बाजू ओलांडण्याच्या या नकाशाचा शस्त्रक्रियेत मात्र सरळ उपयोग झाला. 1912 मध्ये स्पिलर आणि मार्टिन या अमेरिकन डॉक्टरांनी असह्य वेदनांसाठी मज्जारज्जूचा वेदनेचे तंतू असलेला पुढचा-बाजूचा तेवढाच पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. दुखणं उजव्या पायात असेल तर छेद डावीकडे. कॅन्सरच्या ज्या वेदना औषधांनाही दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी काही ठिकाणी आजही हेच करतात. आता पाठ न उघडता, मानेतून सुई घालून.