एकाच वेब सर्व्हरवर पीएचपीची अनेक व्हर्जन्स

एका वेब सर्व्हरवर बऱ्याच साइट्स असतात आणि त्यातल्या प्रत्येकीला पीएचपी या वेबसाइट्स लिहिण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेचं वेगळं व्हर्जन लागतं, अशा वेळी सगळ्यांना एकाच व्हर्जनवर न ढकलता प्रत्येक साइटला तिचं तिचं व्हर्जन देण्याची जी रचना करतात तिला बोलीत 'मल्टी पीएचपी' म्हणतात. पायथन, रुबी, नोड यांच्याबाबतीतही हे करता येतं, पण तिथे ॲप मुळातच स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं आणि वेब सर्व्हर फक्त रिक्वेस्ट पुढे पाठवतो, त्यामुळे त्याचा फारसा गवगवा होत नाही. पीएचपी मात्र वर्षानुवर्षं वेब सर्व्हरच्या पोटातच राहत आलं, म्हणून हा प्रश्न तिथे जास्त जाणवतो.

ही गरज पडते कारण पीएचपीच्या मोठ्या व्हर्जनमध्ये जुन्या गोष्टी खरोखरच काढून टाकतात. ५.४ मध्ये रजिस्टर ग्लोबल्स (रिक्वेस्टमधल्या माहितीची आपोआप व्हेरिएबल्स बनवणारी सोय) आणि मॅजिक कोट्स (त्या माहितीतल्या अवतरणचिन्हांआधी आपोआप बॅकस्लॅश टाकणारी सोय) गेले. ७.० डिसेंबर २०१५ मध्ये आलं आणि त्यात मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स उडाली, म्हणजे त्या काळातल्या असंख्य साइट्सचं डेटाबेस कनेक्शनच तुटलं. ८.० मध्ये 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ही दोन फंक्शन्स गेली. पण फंक्शन गायब झालं तर निदान एरर येते, लॉग बघितला की कळतं. खरी भीती गुपचूप बदलणाऱ्या वागणुकीची. उदाहरणार्थ शून्य हा आकडा आणि 'एबीसी' ही स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासली तर ७ पर्यंत उत्तर खरं यायचं आणि ८ पासून खोटं येतं. कुठलीही एरर नाही, साइट मस्त चालू दिसते, फक्त कुठल्यातरी फॉर्ममधला हिशोब वेगळा लागतो. म्हणून नुसतं 'अपग्रेड करून टाका' म्हणणं सोपं असलं तरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला आणि आता कुणी सांभाळत नसलेला कोड एका रात्रीत हलत नाही, आणि त्या एका साइटपायी सर्व्हरवरच्या बाकीच्या सगळ्यांना जुन्या व्हर्जनवर अडकवून ठेवणं हे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखंच आहे.

जुन्या पद्धतीत, म्हणजे अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॉड पीएचपी हे मॉड्यूल वापरून, हे नीट जमत नाही. पीएचपी तिथे लायब्ररी म्हणून अपाचीच्या प्रोसेसमध्येच लोड होतं, आणि दोन व्हर्जन्सच्या लायब्ररीत फंक्शन्सची अंतर्गत नावं तीच असल्यामुळे ती दोन्ही एका प्रोसेसमध्ये सुखाने नांदत नाहीत. ४ आणि ५ च्या काळात लोक यावर तोडगा म्हणून एक व्हर्जन मॉड्यूल म्हणून चालवायचे आणि दुसरं सीजीआय म्हणून, म्हणजे वेब सर्व्हरबाहेरचा वेगळा प्रोग्रॅम म्हणून. सीजीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला नवीन प्रोसेस सुरू होते आणि काम झालं की मरते, त्यामुळे ते हळू चालायचं, पण चालायचं. नंतर फास्ट सीजीआयने प्रोसेस जिवंत ठेवायची सोय दिली.

आजची सगळी रचना उभी आहे ती पीएचपी-एफपीएमवर. हा फास्ट सीजीआय प्रोसेस मॅनेजर आधी वेगळा पॅच म्हणून मिळायचा, २०१० मध्ये ५.३.३ पासून तो पीएचपीबरोबरच यायला लागला. यात पीएचपी ही पूर्णपणे वेगळी सर्व्हिस असते. ७.४ ची एक, ८.२ ची एक, ८.३ ची एक, प्रत्येकीचा आपापला सॉकेट, म्हणजे रिक्वेस्ट घ्यायचा पत्ता, आणि वेब सर्व्हरला फक्त एवढंच सांगायचं की अमुक साइटची रिक्वेस्ट तमुक सॉकेटवर पाठव. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये हे फास्टसीजीआय पास या ओळीने होतं, अपाचीमध्ये प्रॉक्सी एफसीजीआय मॉड्यूल आणि सेट हँडलरने, ज्याची सोय २.४.१० पासून आहे. व्हर्जन ही मशीनची नाही तर साइटची बाब झाली हा यातला सगळ्यात मोलाचा बदल. शिवाय अपाचीच्या पोटातून पीएचपी बाहेर पडलं की प्रीफोर्क ही प्रत्येक कनेक्शनला पूर्ण प्रोसेस देणारी पद्धत सोडून कमी मेमरीत जास्त कनेक्शन्स सांभाळणारं इव्हेंट एमपीएम वापरता येतं, हा वरचा फायदा.

पॅकेजेसचं, म्हणजे तयार इन्स्टॉल करता येणाऱ्या पीएचपीचं म्हणाल तर डेबियन आणि उबुंटू या लिनक्सवर ओंद्रेय सुरी यांची रिपॉझिटरी आणि रेड हॅट घराण्यात रेमी कोले यांची रिपॉझिटरी, या दोघांनी जगभरातल्या सर्व्हरवाल्यांचं काम किती हलकं केलंय ते शब्दांत सांगणं अवघड आहे. सीपॅनेलसारख्या होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये मल्टी पीएचपी मॅनेजर असतो, ड्रॉपडाउनमधून व्हर्जन निवडलं की झालं.

आता जिथे लोक अडकतात ते. प्रत्येक व्हर्जनची पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंग्जची फाइल वेगळी असते आणि एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायची मॉड्यूल्सही वेगळी, ७.४ साठी बनवलेलं एक्स्टेन्शन ८.२ मध्ये लोड होत नाही, त्यामुळे 'काल तर इमॅजिक चालत होतं' या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा नव्या व्हर्जनसाठी ते टाकलंच नाही असं असतं. एचटीॲक्सेस या फोल्डरमधल्या अपाचीच्या सेटिंग्ज फाइलमध्ये पीएचपी व्हॅल्यूने लिहिलेली सेटिंग्ज फक्त मॉड पीएचपीला कळतात, एफपीएमवर गेल्यावर त्याच ओळींमुळे ५०० एरर येते, मग ती सेटिंग्ज यूजर डॉट आयएनआय फाइलमध्ये हलवावी लागतात, आणि ही फाइल डीफॉल्टने ३०० सेकंद कॅश होते म्हणून बदल केल्या केल्या दिसला नाही तर घाबरायचं नाही. सॉकेटची मालकी चुकली की एनजिनएक्स ५०२ दाखवतो, अपाची ५०३. एफपीएम स्वतः कंपाइल केलं असेल तर दोन्ही व्हर्जन्स ९००० हाच पोर्ट मागतात आणि दुसरी सर्व्हिस उठतच नाही.

सगळ्यात धोकादायक प्रकार साइट हलवताना होतो. जुन्या होस्टवर व्हर्जन निवडणारी हँडलरची (पीएचपी फाइल कुणी चालवायची ते सांगणारी) ओळ एचटीॲक्सेसमध्ये असते, ती फाइल जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर जाते, तिथे त्या नावाचा हँडलर नसतो, आणि मग अपाची पीएचपी फाइल चालवायच्या ऐवजी तिचा सोर्स कोड सरळ ब्राउझरला देऊन टाकू शकतो, पासवर्डसकट. साइट हलवल्यावर ही ओळ सगळ्यात आधी तपासावी.

दुसरं म्हणजे कमांड लाइन. टर्मिनलवर पीएचपी डॅश व्ही मारून जे व्हर्जन दिसतं त्याचा साइटच्या व्हर्जनशी काही संबंध असेलच असं नाही, साइटचं खरं व्हर्जन पीएचपी इन्फोच्या पानावरच कळतं. कंपोझर (लायब्ररी आणून देणारं साधन) आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारं) हे दोघं कमांड लाइनचं व्हर्जन घेतात. साइट ७.४ वर, क्रॉन मात्र ८.३ वर, आणि रात्रीची मेल जातच नाही, असं होतं. क्रॉनमध्ये नेहमी व्हर्जनसकट पूर्ण पाथ लिहावा.

मेमरीकडेही बघायला हवं, कारण प्रत्येक व्हर्जनचे पूल्स (एफपीएमच्या प्रोसेसचे गट) आणि ऑपकॅश (कंपाइल केलेला कोड मेमरीत ठेवणारी कॅश) वेगळे, चार व्हर्जन्स म्हणजे चार ठिकाणी रॅम. मॅक्स चिल्ड्रनचा, म्हणजे जास्तीत जास्त किती प्रोसेस चालवायच्या त्याचा आकडा प्रत्येक पूलला वेगळा विचार करून द्यावा लागतो. ज्या पूलवर दिवसात तुरळक रिक्वेस्ट येतात तिथे ऑनडिमांड (रिक्वेस्ट आली की प्रोसेस सुरू करणारा) मोड ठेवला की रिकाम्या प्रोसेस बसून राहत नाहीत.

सुरक्षेच्या बाजूने बघितलं तर जुनं व्हर्जन वेगळ्या पूलमध्ये ठेवलं म्हणून ते सुरक्षित होत नाही. ५.६ चा सपोर्ट २०१८ च्या अखेरीस संपला, ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. ८.१ पासून प्रत्येक व्हर्जनला दोन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षा दुरुस्त्या असं धोरण आहे. जुन्या साइटचा पूल वेगळ्या यूजरखाली चालवला, तर तिच्यात कुणी घुसलं तरी शेजारच्या साइट्सच्या फाइल्सपर्यंत सहज पोचत नाही, एवढं संरक्षण नक्की मिळतं.

आणि जुनं व्हर्जन काढायची वेळ आली की त्याच्या पूल्सचं स्टेटस पेज चालू करून स्वीकारलेल्या कनेक्शनचा आकडा निदान महिनाभर बघावा, महिना यासाठी की काही कामं महिनाअखेरीसच चालतात. आकडा हलत नसेल तर आधी सर्व्हिस फक्त बंद करावी, क्रॉनटॅबमध्ये त्या व्हर्जनचा पाथ कुठे उरलाय का ते शोधावं, आणि मगच पॅकेज उडवावं.