सागरी व्हीएचएफ रेडिओतील ग्रहणदोष

नौकेवरचा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा रेडिओ) संच आपले बोलणे बाहेर पाठवतो, पण बाहेरचे काहीच ऐकवत नाही, अशा बिघाडाला ग्रहणदोष म्हणता येईल. पूर्ण बंद पडलेल्या संचापेक्षा हा जास्त घातक, कारण तो लवकर लक्षात येत नाही. पडद्यावर चॅनलचा आकडा दिसतो, बटण दाबले की प्रक्षेपणाची खूण उमटते, आणि संचाचे मौन म्हणजे आज कोणी बोलत नसावे, असे वाटत राहते. संकटाच्या हाकांसाठीच्या चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगॅहर्ट्झवर, जवळचीच एखादी नौका मदतीसाठी हाका मारत असली तरी इथे पत्ता लागत नाही.

तपासाला खरखरीपासून सुरुवात करावी. सागरी व्हीएचएफ एफएम पद्धतीवर चालतो. सिग्नल नसताना अशा ग्राहकातून, म्हणजे संचाच्या ऐकणाऱ्या भागातून, सतत खरखर निघते आणि स्क्वेल्च हा नियंत्रक ती दाबून धरतो. स्क्वेल्च प्रमाणाबाहेर आवळला, तर खरखरीबरोबर माणसांचे आवाजही अडतात. या बिघाडाचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. म्हणून स्क्वेल्च पूर्ण उघडावा. खरखर आली, तर स्पीकर आणि आवाज मोठा करणारा भाग ठीक आहे. दोष चॅनल, अँटेना किंवा ग्राहकाच्या पहिल्या टप्प्यात शोधायचा. खरखरही आली नाही, तर बहुधा आवाजाच्या वाटेतच अडथळा असतो. पेचकस हातात घेण्याआधी ही एक कसोटी करावीच. अर्धा तपास तिथेच होतो.

आवाजाच्या वाटेतली कारणे साधी असतात: खाऱ्या हवेने खराब झालेला स्पीकर, बाहेरच्या स्पीकरची अर्धवट बसलेली पिन, आवाज दुसऱ्या हँडसेटकडे वळवलेला असणे. माइकचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकले असेल, तर संच प्रक्षेपणातच राहतो आणि ग्राहक बंद असतो. तेव्हा नुकसान फक्त आपले होत नाही, आसपासच्या सर्वांचा चॅनल अडतो. त्यामुळे बऱ्याच संचांत सलग 5 मिनिटांनंतर प्रक्षेपण आपोआप तुटण्याची सोय असते.

खरखर येते पण माणसाचा आवाज नाही, अशा वेळी चॅनलांची कोणती यादी निवडली आहे ते पाहावे. सिम्प्लेक्स चॅनलवर बोलणे आणि ऐकणे एकाच वारंवारतेवर होते. ड्युप्लेक्स चॅनलवर नौका एका वारंवारतेवर बोलते आणि तिच्यापेक्षा 4.6 मेगॅहर्ट्झने वरच्या वारंवारतेवर ऐकते. आंतरराष्ट्रीय यादीतला चॅनल 22 ड्युप्लेक्स आहे: बोलणे 157.1 वर, ऐकणे 161.7 वर. अमेरिकेतला 22ए, ज्याला आता 1022 असाही क्रमांक आहे, दोन्हींसाठी 157.1 वापरतो. अमेरिकेच्या पाण्यात संच आंतरराष्ट्रीय यादीवर राहिला, तर 16 वरचे संभाषण सुरळीत होते, कारण तो चॅनल दोन्ही याद्यांत सारखाच आहे. मग तटरक्षक दल 22ए वर यायला सांगते. तिथे नौकेचे बोलणे त्यांना स्पष्ट ऐकू जाते, त्यांचे उत्तर 157.1 वर येते, आणि संच 161.7 वर कान लावून बसलेला असतो. संचात काहीच बिघडलेले नसते. याच कारणाने ड्युप्लेक्स चॅनलवर दोन नौकाही एकमेकींना ऐकू शकत नाहीत.

बोलणे आणि ऐकणे एकाच अँटेनावरून होत असल्याने, लांबच्या केंद्राने आवाज स्पष्ट असल्याचे सांगितले तर अँटेना आणि केबल बहुधा ठीक असतात. शेजारच्या नौकेच्या ग्वाहीवर मात्र विसंबू नये. 25 वॅटचा संच तुटक्या केबलमधूनही तेवढ्या अंतरावर पोहोचतो. एआयएस (नौकांची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारी यंत्रणा) आणि रेडिओसाठी एकच अँटेना वापरणारा स्प्लिटर असेल, तर तो वगळून केबल थेट रेडिओला जोडून पाहावी. काही संचांत जवळच्या गजबजाटासाठी ग्राहकाची संवेदनशीलता कमी करणारी सोय असते. ती चुकून चालू राहते. बॅटरीवर मात्र फार वेळ घालवू नये. पूर्ण शक्तीच्या प्रक्षेपणाला 5 ते 6 अँपिअर लागतात, ऐकायला 1 अँपिअरहून कमी. बॅटरी अशक्त झाली की आधी बोलणे खालावते.

नौकेवरची इतर उपकरणेही ग्राहकाला बहिरे करू शकतात. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएसच्या ग्रहणात अडथळा येतो, असा सावधगिरीचा इशारा अमेरिकी तटरक्षक दलाने 2018 मध्ये दिला होता. चाचणी सोपी आहे. दिवे बंद ठेवून शांत चॅनलवर खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च ठेवावा आणि मग एकेक दिवा, चार्जर, इन्व्हर्टर चालू करावा. ज्याच्यासरशी खरखर उसळेल तो दोषी.

एवढे करूनही संच मुका राहिला, तर दोष आत आहे. अँटेना आळीपाळीने प्रक्षेपक आणि ग्राहकाकडे वळवणारा भाग निकामी होतो, किंवा जवळ पडलेल्या विजेने अथवा शेजारच्या अँटेनातून आलेल्या जोरदार प्रक्षेपणाने ग्राहकाचा पहिला टप्पा जळतो. हे काम तंत्रज्ञाचे आहे. अनेक डीएससी (डिजिटल हाक पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या) संचांत या हाकांच्या चॅनल 70 साठी वेगळा ग्राहक असतो. डीएससीची घंटा वाजते पण बोलणे ऐकू येत नाही, ही माहिती तंत्रज्ञाला जरूर द्यावी.

समुद्रात असताना हा बिघाड लक्षात आला आणि संकट ओढवले, तर उत्तर येत नाही म्हणून बोलणे थांबवू नये. नौकेचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप, माणसांची संख्या आणि आपल्याला ऐकू येत नाही ही गोष्ट चॅनल 16 वर पुन्हा पुन्हा सांगत राहावी. पलीकडे ते ऐकले जात असण्याची शक्यता असते.