'शिक्षण आणि समाज' मायनर म्हणून घ्यायचाय? साताऱ्यातल्या विद्यार्थ्यांनी अर्जाआधी हे पाहा

बारावीचा निकाल लागला की पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. मुलांच्या हातात गुणपत्रिका आणि दाखला असतो, मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय बहुतेकांचा ठरलेला असतो आणि मायनरचा, म्हणजे त्याच्या जोडीच्या दुय्यम विषयाचा, रकाना मात्र मित्राने काय भरलं ते बघून भरला जातो. हा रकाना तीन वर्षं पुरतो, म्हणून तो घरी बसून, विचार करून भरा.

शिक्षणशास्त्रातला 'शिक्षण आणि समाज' हा भाग शिकवायचं कसं यापेक्षा शाळेत कोण पोचतं, कोण मध्येच गळतं आणि का, हे शिकवतो. सातारा जिल्ह्यातल्या मुलांना यासाठी लांब जावं लागत नाही. सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यात आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या शाळेत दाखल झालं, ते आजचं प्रतापसिंह हायस्कूल शहरातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. वेगवेगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात राहून, काम करून शिकली. 'कमवा आणि शिका' ही योजना या विषयाचा जिवंत धडा आहे. माण-खटावमधून आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची शाळा कशी सुटते, हा प्रश्नही याच अभ्यासात येतो.

आता नियम. राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना ठरवली. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे श्रेयांक, लागतात आणि त्यांतले साधारण 18 ते 20 मायनरचे असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला 60 तास. मायनर आपल्याच विद्याशाखेतला घेता येतो, तसाच दुसऱ्या शाखेतलाही. म्हणून विज्ञान किंवा वाणिज्यच्या विद्यार्थ्यालाही शिक्षणशास्त्राचं दार नियमाने बंद नाही. मात्र तो विषय महाविद्यालयात मंजूर हवा आणि वेळापत्रकात बसायला हवा.

पात्रता साधी आहे: बारावी उत्तीर्ण. खरी गोम वेगळीच आहे. अनेक कला महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय घेतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतूनच मेजर आणि मायनर ठरतो. पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो पुढे मायनर म्हणून मिळणं फार अवघड. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणू नका, निर्णय जूनमध्येच घ्या.

शिक्षक व्हायचंय त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते. हा मायनर म्हणजे बीएड नव्हे. बीएडसाठी पदवीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पदवीला किमान 50 टक्के (राज्यातल्या मागास प्रवर्गांना 45 टक्के) लागतात आणि पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, वेगळी. शिवाय बीएडची अध्यापन पद्धती, म्हणजे तिथे कोणता विषय शिकवायला शिकायचं, ते पदवीच्या विषयांवर ठरतं. म्हणून मेजर शाळेत शिकवला जाणारा विषय ठेवा, मराठी, इतिहास, भूगोल, गणित असा, आणि शिक्षणशास्त्र मायनरला घ्या. माझ्या मते हीच जोडी सगळ्यांत उपयोगी.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि बँक पासबुक लागतं. राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, ओबीसी-भटक्या विमुक्तांना नॉन-क्रिमीलेअरही. शिष्यवृत्तीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो निकालाआधीच काढा, जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या बोर्डाचे असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र.

क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात, त्यासाठी डिजिलॉकरवरून अपार आयडी हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक काढावा लागतो. माझ्या भाचीचं काम इथेच अडलं होतं. आधारवर वडिलांचं नाव अर्धवट, गुणपत्रिकेवर पूर्ण. नाव जुळेना, आयडी निघेना. आधार दुरुस्त होईपर्यंत दोन आठवडे गेले आणि त्या दोन आठवड्यांत ती रोज रडकुंडीला यायची. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर आजच तपासा.

महाविद्यालयात हा मायनर नसेल तर निराश होऊ नका. दुसऱ्या विद्याशाखेतला ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय) म्हणून शिक्षणशास्त्राचा पेपर आहे का ते विचारा. स्वयंम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा अभ्यासक्रमही चालू शकतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाची लेखी मान्यता घ्या. आधी कोर्स आणि मग मान्यता असं केलं तर क्रेडिट लटकतात.

अर्ज जमा केल्यावर पोचपावती घ्या आणि तिच्यावर तिन्ही विषयांची नावं बरोबर आहेत का, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचा.